उजवं पान वर्गाचं, डावं पान माझं

(मंडळाच्या गणेशोत्सवात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि जेवणाची पानं वाढण्याआधी ज्याला बोलायला उभं करतात, त्याने आपली मर्यादा ओळखावी. आतून मसालेभाताचा वास येतोय, तो मलाही येतोय. तेव्हा फार लांबवणार नाही.

सचिवांनी मला विषय दिला होता ‘विज्ञानाचा अभ्यास कसा करावा’. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी त्यातला एक छोटा तुकडा घेतो. वर्गात फिजिक्सच्या नोट्स कशा काढाव्यात, एवढंच बोलतो. इंदुरात बत्तीस वर्षं मी हा विषय शिकवला, काही वर्षं हिंदी माध्यमात, काही इंग्रजी माध्यमात. या सभागृहात माझे जुने विद्यार्थीही दिसतायत. त्यांच्याशी माझं एक वेगळं काम आहे, ते शेवटी सांगतो.

सुरुवात बाप्पापासूनच करू. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय तू लिहायचं नाहीस. मग व्यास मधूनमधून एखादा अवघड श्लोक टाकत. गणपती अर्थ लावायला क्षणभर थांबे, आणि तेवढ्यात व्यास पुढचं रचून घेत. अभ्यासक म्हणतात, ही कथा महाभारतात मागाहून आली. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत धरलेली नाही. ते काहीही असो, ज्याने ही कथा रचली त्याला लिहून घेणं म्हणजे काय ते नेमकं कळलं होतं. प्रत्यक्ष बुद्धिदात्यालाही न समजता लिहायची परवानगी नव्हती. आपल्या वर्गात मात्र ती सर्रास असते. शिक्षक फळ्यावर लिहितात, मुलं फळा वहीत उतरवतात, आणि अर्थ रविवारी बघू असं ठरतं. तो रविवार परीक्षेच्या आदल्या दिवशी उगवतो.

इतर विषयांत हे काही काळ खपून जातं. फिजिक्समध्ये खपत नाही, कारण तिथे वाक्य पाठ असणं आणि ते वापरता येणं यांत मोठी दरी आहे. याचं उदाहरण मी माझ्याच वर्गातलं देतो, आणि त्यात चूक माझी आहे.

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना मी मुलांना नोट्स सांगत असे. हो, सांगत असे, म्हणजे डिक्टेट करत असे. त्यात एक उदाहरण होतं: ‘टेबलावर पुस्तक ठेवले आहे. पुस्तकाचे वजन खाली, ही क्रिया. टेबल पुस्तकाला तेवढ्याच जोराने वर ढकलते, ही प्रतिक्रिया.’ अकरा वर्षं मी हे सांगितलं. मुलांनी लिहून घेतलं, अधोरेखित केलं, काहींनी हिरव्या शाईत चौकट केली. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची वही मी नमुना म्हणून वर्गात फिरवायचो. अक्षर मोत्यासारखं, आकृत्या पट्टीने काढलेल्या, एक खाडाखोड नाही.

एकदा बाहेरून आलेल्या सराव प्रश्नपत्रिकेत प्रश्न आला. लिफ्टमध्ये टेबल आहे, टेबलावर पुस्तक आहे, आणि लिफ्ट वेग वाढवत वर जाते आहे. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा जोर समान असतील का? तिने लिहिलं, समान असतील, तिसऱ्या नियमानुसार. उत्तर चूक ठरलं. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, “सर, तिसरा नियम लिफ्टमध्ये लागू होत नाही का?”

मी काहीतरी थातुरमातुर सांगून तिला परत पाठवलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री जेवण झाल्यावर कागद घेतला, आकृती काढली, आणि घाम फुटला. लिफ्ट वर जाताना वेग वाढवत असेल तर पुस्तकालाही वर वेग मिळायला हवा. म्हणजे वर ढकलणारा जोर वजनापेक्षा जास्त हवा. मग ते दोन समान कसे? आणि क्रिया-प्रतिक्रियेची जोडी तर नेहमी समानच असते, लिफ्ट असो की आगगाडी. अर्थ एकच होता. ही ती जोडीच नव्हे. तिसऱ्या नियमातले दोन जोर दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. माझ्या उदाहरणातले दोन्ही जोर एकाच पुस्तकावर होते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल पुस्तकाला ढकलतं, याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला ढकलतं. स्थिर टेबलावर वजन आणि टेबलाचा जोर समान असतात ते पुस्तक स्थिर आहे म्हणून. तिसऱ्या नियमाचा तिथे काही संबंध नाही.

अकरा वर्षं ते चुकीचं वाक्य शेकडो वह्यांमध्ये गेलं आणि एकाही मुलाने हात वर केला नाही. मुलं हुशार होती. पण त्यांच्या वहीत प्रश्न लिहायला जागाच नव्हती, कारण सगळी वही माझ्या वाक्यांनी भरलेली होती. त्या मुलीलाही प्रश्न पडला तो वहीमुळे नाही, वही तोंडघशी पडली तेव्हा.

त्या दिवसापासून मी डिक्टेशन बंद केलं आणि मुलांना वेगळ्या वह्या आणायला सांगितल्या. प्रॅक्टिकलची वही असते ना, एक पान कोरं आणि एक पान रेघांचं, तशी. उजवं पान वर्गाचं आणि डावं पान माझं, म्हणजे त्या मुलाचं स्वतःचं. ही काही माझी थोर कल्पना नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी पानाला रुंद समास सोडून तिथे आपले प्रश्न लिहायची पद्धत रूढ केली, तीही याच जातीची. फिजिक्सला समास पुरत नाही, आकृत्या असतात, म्हणून मी पूर्ण पानच दिलं.

आता मुलांनो, उजव्या पानावर काय लिहायचं? सगळं लिहायचं नाही. पुस्तकात जे छापलेलं आहे ते पुन्हा लिहून हात दुखवू नका. धडा आदल्या रात्री दहा मिनिटं चाळून या. आकृत्या बघा, नवे शब्द बघा. मग पुस्तकात नाही ते शिक्षक काय सांगतात, हे वर्गात लगेच कळतं. ते लिहा.

सगळ्यात आधी आकृती लिहा. मी ‘लिहा’ म्हणतो, कारण फिजिक्समध्ये आकृती हेच वाक्य असतं. एक चौकोन म्हणजे वस्तू, आणि तिच्यावर लागणारे जोर बाणांनी दाखवायचे. प्रत्येक बाणाला विचारायचं की हा जोर कोण लावतंय? ज्याला उत्तर नाही तो बाण खोडायचा. माझ्या पुस्तकाची आकृती मी अकरा वर्षांत एकदा जरी अशी काढली असती, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मग सूत्र. सूत्र एकटं लिहायचं नाही. त्याच्यासोबत चार गोष्टी हव्यात: प्रत्येक अक्षराचा अर्थ, त्याचं एकक, दिशा कोणती धरली, आणि ते कधी चालतं. ‘व्ही बरोबर यू अधिक एटी’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते फक्त त्वरण बदलत नसेल तेव्हाच चालतं, हे किती जणांच्या वहीत आहे? एककाबद्दल आळस करू नका. १९९९ साली नासाचं मंगळाकडे निघालेलं एक यान हातचं गेलं. त्याच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे एका गटाने पौंडाच्या मापात दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनचे समजून वापरले. तिथे फिजिक्स चुकलं नव्हतं, एकक चुकलं होतं.

तिसरं, सोडवलेलं उदाहरण. ते उतरवून घेताना प्रत्येक पायरीपुढे ‘का’ लिहायला दोन बोटं जागा सोडा. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्व त्वरण १० धरलं तर २ सेकंदांनी तो सर्वांत वर पोचतो आणि २० मीटर उंच जातो. हे गणित सगळे करतात. पण त्वरणापुढे उणे चिन्ह का घातलं? कारण आपण वरची दिशा धन धरली. हे पाच शब्द लिहिले नाहीत, तर पुढच्या गणितात चिन्ह कुठे घालायचं ते दैवावर सोडावं लागतं.

आता डावं पान. वर्गात ते कोरं राहिलं तरी चालेल. फक्त एक सूट आहे. जिथे समजलं नाही तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढा आणि नेमकं काय समजलं नाही ते अर्ध्या ओळीत लिहा. ‘समजलं नाही’ एवढंच लिहू नका. वरच्याच चेंडूचं घ्या. एका मुलाने डाव्या पानावर लिहिलं होतं, ‘वर पोचल्यावर वेग शून्य, मग त्वरण पण शून्य?’ या प्रश्नावर मी अख्खा तास घेतला. त्वरणही शून्य असतं तर वेग बदललाच नसता, शून्यच राहिला असता, आणि चेंडू तिथेच आकाशात टांगून राहिला असता. तो खाली येतो याचाच अर्थ वरच्या टोकालाही त्वरण तेवढंच आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याला वेग आणि त्वरण यांतला फरक आयुष्यभरासाठी कळला.

संध्याकाळी घरी गेल्यावर वही मिटा आणि डाव्या पानावर आज काय शिकलो ते पाच ओळींत आठवून लिहा. आधी न बघता लिहायचं, मग उजव्या पानाशी ताडून बघायचं. हे त्याच दिवशी व्हायला हवं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. पंधरा मिनिटं आज दिलीत, तर परीक्षेच्या आधीचे कितीतरी तास वाचतात. आणि चूक सापडली तर रबराने पुसू नका. एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर काय ते लिहा. आपण कुठे घसरतो, हे ज्याच्या वहीत दिसतं तो परत तिथे सांभाळून पाऊल टाकतो.

ही पद्धत एका माणसाने फार पूर्वी वापरली होती. लंडनमध्ये एका लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. शाळा जेमतेम झालेली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानं होती. हा मुलगा तिथे थोडक्यात टिपून घ्यायचा आणि घरी येऊन ते सगळं आकृत्यांसह सविस्तर लिहून काढायचा. सुमारे तीनशे पानं झाली. बांधणी येतच होती, त्याने ती स्वतःच बांधली आणि डेव्ही यांना पाठवली. पुढच्या वर्षी डेव्हींनी त्याला मदतनीस म्हणून नोकरी दिली. तो मायकेल फॅरेडे. पुढे १८३१ साली त्याने चुंबकाच्या मदतीने वीज निर्माण करून दाखवली. या मंडपातले दिवे ज्या वीजकेंद्रांच्या जोरावर जळतायत, त्यांतली बहुतेक जनित्रं त्याच तत्त्वावर फिरतात. त्याला गणित फारसं येत नव्हतं, तो चित्रांत विचार करायचा. प्रयोगशाळेतल्या नोंदींना तो क्रमांक देत असे आणि ते सोळा हजारांच्या पुढे गेले. फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही त्यांत आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या व्याख्यानाच्या टिपणांना किंमत आली ती घरी बसून पुन्हा लिहिल्यामुळे.

तुमच्यापैकी पुष्कळजण आता हळूच म्हणत असतील की सर, आम्ही फळ्याचा फोटो काढतो. काढा, हरकत नाही. पण फोटो मोबाईलला आठवतो, तुम्हाला नाही. कोचिंगचं छापील मॉड्यूलही तसंच. ते चांगलं असेल, पण ते दुसऱ्याने समजून घेऊन लिहिलेलं असतं. समजून घेण्याचं काम त्याचं झालं, तुमचं बाकी आहे.

आता आपल्या घराबद्दल थोडं. आपल्या इकडच्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. पुस्तक इंग्रजीत किंवा हिंदीत, मित्रांशी बोलणं हिंदीत, आणि घरी आजीशी मराठीत. यात शब्दांचे गोंधळ होतात. स्पीडला पुस्तकात ‘चाल’ म्हणतात. आपल्या घरात चाल गाण्याला असते नाहीतर बुद्धिबळात असते. मासला हिंदीत ‘द्रव्यमान’ म्हणतात, मराठीत ‘वस्तुमान’, आणि दुकानात सगळ्यालाच ‘वजन’. दुकानदार वजन किलोत सांगतो, पण फिजिक्समध्ये किलो हे वस्तुमान आहे आणि वजन हा जोर आहे, म्हणून ते न्यूटनमध्ये. तुमचं वस्तुमान ५० किलो असेल तर वजन साधारण ४९० न्यूटन. ‘काम’ हा तर फसवा शब्द. पाण्याची बादली हातात धरून अर्धा तास नुसतं उभं राहिलात, तर फिजिक्सच्या हिशेबात बादलीवर शून्य काम झालं. हे आईसमोर बोलू नका.

या अडचणीचाच फायदा करून घ्या. परिभाषेचे शब्द परीक्षेच्या भाषेतच लिहा, तिथे तडजोड नाही. पण डाव्या पानावरचं स्पष्टीकरण घरच्या भाषेत लिहून बघा. ज्याचं मराठी शुद्धलेखन कच्चं आहे त्याने कच्चं लिहावं, ते पान कोणी तपासणार नाही. पुस्तकातलं वाक्य त्याच भाषेत लिहिताना न समजताही उतरतं. भाषा बदलायची म्हटलं की अर्थ हातात घ्यावाच लागतो. हे मी माझ्या वर्गात वारंवार पाहिलं आहे. आणि पालकांनाही सांगतो. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी टिकवली म्हणतो, ती आरतीत आणि पुरणपोळीत टिकली. मुलाने त्वरण म्हणजे काय हे आजीला मराठीत समजावून सांगितलं, आजीने दोन शंका विचारल्या आणि त्याला त्यांची उत्तरं देता आली, तर भाषाही टिकली आणि फिजिक्सही झालं.

पालकांना आणखी एक विनंती. वही अक्षरावरून आणि स्वच्छतेवरून जोखू नका. मी जोखली आणि फसलो. संध्याकाळी एवढंच विचारा, “आज डाव्या पानावर कोणता प्रश्न लिहिलास?” उत्तर तुम्हाला समजलं नाही तरी चालेल. आठवडाभर डावं पान कोरं असेल, तर मात्र काळजी करा. एकतर मुलाला सगळं येतंय, किंवा तो नुसता उतरवून घेतोय. पहिली शक्यता फार कमी असते.

आता ते शेवटचं काम. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हिचं उत्तर चुकलं, कारण माझी नोट चुकीची होती. तिने वही उघडली, पट्टी घेतली आणि त्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड. वर्गातल्या बाकीच्यांनीही मारली. पण त्याआधीच्या अकरा वर्षांतल्या मुलांपर्यंत मी पोचू शकलो नाही. त्यांतले काही आज आई-बाप होऊन समोर बसले आहेत. तुमच्या माळ्यावर अजून ती वही असेल, किंवा ते वाक्य डोक्यात असेल, आणि उद्या तुम्ही तेच आपल्या मुलाला सांगाल. तेव्हा घरी गेल्यावर ‘क्रिया-प्रतिक्रिया’ या मथळ्याखालचं पुस्तक आणि टेबल शोधा आणि त्यावर एक रेघ मारा. शेजारी लिहा, दोन जोर, दोन वेगळ्या वस्तूंवर.

तुम्ही मला इतकी वर्षं वाकून नमस्कार करत आलात. आज मी तुमची माफी मागतो.

गुणवंत विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन करतो आणि थांबतो. गणपती बाप्पा मोरया!